नमुनादोष (युक्तिवाद)

नमुनादोष म्हणजे एखाद्या समूहातील काही घटक पाहून संपूर्ण समूहाविषयी निष्कर्ष काढताना, पाहिलेले घटक त्या समूहाचे खरे प्रतिनिधी नसल्यामुळे युक्तिवादात शिरणारा दोष होय. ज्या समूहाविषयी निष्कर्ष काढायचा असतो त्यास संख्याशास्त्रात समष्टी म्हणतात आणि त्यातून प्रत्यक्ष तपासलेल्या भागास नमुना किंवा प्रतिदर्श असे म्हणतात. स्पर्धा परीक्षांतील तर्कक्षमतेच्या प्रश्नपत्रिकांमध्ये एखादा छोटा उतारा देऊन त्यातील युक्तिवाद कोठे कमकुवत आहे हे विचारले जाते. अशा प्रश्नांत नमुनादोष हा वारंवार आढळणारा दोष आहे.

या लेखातील बहुतेक उदाहरणे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील आहेत. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा (१७,०४८ चौरस किलोमीटर) हवामान, सिंचन व पीकपद्धती या बाबतीत इतका विषम आहे की, त्याच्या एका भागावरून दुसऱ्याविषयी काढलेले अनुमान सहज चुकते.

शितावरून भाताची परीक्षा

नमुन्यावरून समष्टीचे अनुमान करण्याची कल्पना मराठीत 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीत आहे. संस्कृत परंपरेत तिलाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. ही म्हण अनेकदा घाईने काढलेल्या निष्कर्षाचे समर्थन म्हणून वापरली जाते. परंतु ती कोणत्या अटीवर खरी ठरते हे पाहणे उद्बोधक आहे. एका शितावरून भात शिजला की नाही हे कळते, कारण भांड्यातील सर्व तांदूळ एकाच जातीचा असतो, एकाच वेळी टाकलेला असतो आणि त्यास उष्णता साधारण सारखी मिळते. भात तळाशी लागला असेल, तर वरचे शीत त्याविषयी काहीच सांगत नाही. म्हणजे परीक्षेचे बळ शितांच्या संख्येत नसून भांडे एकजिनसी असण्यात, किंवा शीत भांड्याच्या कोणत्याही भागातून सारख्याच शक्यतेने हाती येण्यात आहे.

जिल्ह्यातील दूध उत्पादकांना हा नियम पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. कॅन काही वेळ स्थिर राहिला की स्निग्धांश वर येतो. त्यामुळे फॅट तपासणीसाठी नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळावे लागते. न ढवळता वरून नमुना घेतल्यास फॅट जास्त दिसते, तळाशी घेतल्यास कमी. माती परीक्षणासाठी नमुना घेण्याच्या शिफारशींमागेही हाच विचार आहे. शेतात नागमोडी चालत अनेक ठिकाणी खड्डे घ्यावेत, बांधालगतची, झाडाखालची व शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळावी, सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि हे आवश्यक तितके प्रमाण उरेपर्यंत करावे, असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. येथे मिसळणे म्हणजे भांडे ढवळणेच होय.

जिल्हा मात्र ढवळता येत नाही. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात, कळसूबाई व घाटघर परिसरात, पावसाची वार्षिक नोंद काही हजार मिलिमीटरपर्यंत जाते. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात व तेथे सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो. राहाता, श्रीरामपूर, राहुरी व नेवासे या भागांत प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या कालव्यांमुळे ऊस उभा राहतो. अशा जिल्ह्यात श्रीरामपूरच्या पन्नास गावांत फिरून 'जिल्ह्यातील शेतकरी' असा शब्दप्रयोग करणारा अहवाल कितीही परिश्रमाने लिहिलेला असला, तरी तो कालव्याच्या पट्ट्याचा अहवाल राहतो.

परीक्षांमधील स्थान

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत २०११ पासून, तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत २०१३ पासून 'सीसॅट' या नावाने ओळखली जाणारी दुसरी प्रश्नपत्रिका आली. आकलन, तार्किक विश्लेषण व निर्णयक्षमता हे तिचे विषय आहेत. पुढे दोन्ही ठिकाणी ती ३३ टक्के गुणांच्या पात्रतेपुरती ठेवण्यात आली. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांतही याच धर्तीचे प्रश्न येतात.

प्रश्नाची भाषा बदलती असते. 'खालीलपैकी कोणते विधान हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करते?', 'युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर आधारलेला आहे?', 'निष्कर्षाची सत्यता पडताळण्यासाठी कोणती माहिती सर्वाधिक उपयुक्त ठरेल?' अशी तीन रूपे विशेष प्रचलित आहेत. उताऱ्यात सर्वेक्षण, मुलाखती, अर्ज, तक्रारी, प्रतिसाद किंवा 'भेट दिलेल्या' ठिकाणांचा उल्लेख असून निष्कर्षात त्यापेक्षा मोठा समूह आला, की तिन्ही रूपांतील प्रश्नांचे उत्तर बहुधा एकाच जागी सापडते: नमुना ज्या वाटेने हाती आला त्या वाटेवर कोण अडले, हे त्या जागेचे नाव. 'सर्वेक्षणातील शेतकरी' हे शब्द निष्कर्षात 'शेतकरी' एवढेच उरले असतील, तर ती वगळलेली दोन अक्षरे नव्हेत, ती वगळलेली माणसे असतात.

दोष कसा शिरतो

पाठ्यपुस्तके नमुनादोषाची लांबलचक यादी देतात. परीक्षेच्या दृष्टीने नावे पाठ असणे फारसे कामाचे नाही. त्यामागील मार्ग ओळखणे महत्त्वाचे आहे.

पहिला मार्ग म्हणजे सोय. जे सहज भेटतात त्यांनाच विचारले जाते. शिर्डी येथे आलेल्या भाविकांना प्रश्न विचारून जिल्ह्यातील लोकांच्या प्रवासखर्चाविषयी निष्कर्ष काढल्यास त्यात जिल्ह्याबाहेरचेच लोक अधिक भरतील. दुसरा मार्ग स्वेच्छेचा आहे. भ्रमणध्वनीवरील गटात 'मत नोंदवा' असे आवाहन केल्यावर ज्यांचे मत तीव्र असते ते लगेच बोट लावतात आणि ज्यांना विशेष काही वाटत नाही ते पुढे सरकतात. त्यामुळे अशा मतचाचण्यांत मध्यम मत जवळजवळ दिसतच नाही.

तिसरा मार्ग काळाचा असून तो सर्वांत कमी लक्षात येतो. पाथर्डी, जामखेड, शेवगाव या तालुक्यांतील अनेक गावांतून, तसेच लगतच्या बीड जिल्ह्यातून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. अशा गावात जानेवारीत घरोघरी पाहणी केली, तर सर्वांत गरीब घरांनाच कुलूप लागलेले असते. पाहणी करणाऱ्याने कुलूपबंद घर सोडून शेजारचे उघडे घर नोंदवले, तर अर्जांची ठरलेली संख्या पूर्ण होते, कागद नीटनेटका दिसतो आणि गावाचे उत्पन्न, शाळेतील उपस्थिती व बालकांचे पोषण हे सारे प्रत्यक्षापेक्षा बरे दिसते. यावर आधारित प्रश्नात गृहीतक विचारले गेल्यास उत्तर असे येईल: 'बंद घरांतील कुटुंबे पाहणीतील बाबींसंबंधी उघड्या घरांतील कुटुंबांसारखीच आहेत.' हे गृहीतक उताऱ्यात कोठेही लिहिलेले नसते. ते नसेल तर निष्कर्ष उभा राहत नाही, हीच त्याची ओळख.

चौथा मार्ग निकालाचा. ज्यांचे यश झाले तेच पाहायला उरतात. दुसऱ्या महायुद्धात मोहिमेवरून परतलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणांचा अभ्यास करताना संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांनी न परतलेल्या विमानांचा विचार करून हिशेब मांडला, हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. जेथे खुणा कमी दिसतात तेथे गोळी लागलेली विमाने परतलीच नसतील, हा त्यामागील धागा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हा दोष शिकवण्यासाठी विमानांपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती वाचून 'दररोज अमुक तास अभ्यास केल्याने यश मिळते' असा निष्कर्ष काढला जातो. तितकेच तास अभ्यास करून यादीत नाव न आलेल्यांची मुलाखत कोणी छापत नाही.

मोठा नमुना हा उपाय नव्हे

नमुना मोठा केला की दोष जातो, हा व्यापक समज आहे. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांपैकी सुमारे चोवीस लाख परत आल्या व त्यांवरून आल्फ्रेड लँडन विजयी होतील असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीधारक व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, आणि महामंदीच्या त्या काळात हे मतदार तुलनेने सुस्थितीतील होते. शिवाय ज्यांनी पत्रिका परत धाडण्याचा त्रास घेतला तेही सर्वांसारखे नव्हते. याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

उलट, यादृच्छिक रीतीने, म्हणजे समष्टीतील प्रत्येक घटकास निवडीची ज्ञात संधी देऊन चिठ्ठ्या काढल्याप्रमाणे, घेतलेला चारशेचा नमुनाही टक्केवारीचा अंदाज बहुतेक वेळा पाच टक्क्यांच्या फरकाने बरोबर देतो. तालुक्यात चाळीस हजार शेतकरी असोत की दोन लाख, या अचूकतेत फारसा फरक पडत नाही. आमटीचे मीठ पाहण्यासाठी पातेले मोठे म्हणून कोणी मोठा चमचा घेत नाही. नमुना लहान असल्याने येणारी चूक दोन्ही बाजूंना होते व संख्या वाढवल्यास घटते. निवडीच्या वाटेमुळे येणारी चूक मात्र एकाच बाजूला झुकते, म्हणून तिला अभिनती म्हणतात. संख्या वाढवल्याने अभिनती कमी होत नाही. ती अधिक आत्मविश्वासाने मांडली जाते, इतकेच.

पीक कापणी प्रयोग

नमुनादोष हा परीक्षेपुरता विषय नाही, हे दाखवणारे उदाहरण म्हणजे पीक कापणी प्रयोग. खरीप २०१६ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई प्रत्येक शेताच्या नुकसानीवर नव्हे, तर विमा क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावर ठरवण्याची पद्धत आली. महाराष्ट्रात हे क्षेत्र सामान्यतः महसूल मंडळ असते. मागील सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणल्यावर उंबरठा उत्पादन मिळते. चालू हंगामाचे सरासरी उत्पादन त्याहून जितके टक्के कमी, तितके टक्के विमा संरक्षित रकमेची भरपाई मिळते. चालू हंगामाचे हे उत्पादन ठरवले जाते ते मंडळातील किमान दहा पीक कापणी प्रयोगांवरून. हजारो शेतकऱ्यांचे पैसे दहा शेतांतील लहानशा आयतांवर अवलंबून असतात.

हे आयत कोठे आखायचे याची रीत म्हणूनच फार काटेकोर आहे. गाव यादृच्छिक रीतीने निवडले जाते, त्यातील गट क्रमांक यादृच्छिक अंकांवरून निघतो आणि शेतात पोहोचल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडे व रुंदीकडे किती पावले जायचे हेदेखील यादृच्छिक अंकच सांगतात. तेथे ठरलेल्या मापाचा आयत आखून पीक कापतात, मळतात व वजन करतात. महाराष्ट्रात ही कामे महसूल, कृषी व ग्रामविकास यंत्रणेतील क्षेत्रीय कर्मचाऱ्यांमध्ये वाटलेली असतात. बाहेरच्या माणसाला पावले मोजण्याचा हा सोपस्कार हास्यास्पद वाटू शकतो. परंतु तो नसेल, तर रस्त्याकडेचे शेत घेतले जाईल, शेताच्या मालकाला जी जागा दाखवावीशी वाटते ती घेतली जाईल, किंवा काहीच हेतू नसताना डोळा जिथे ठरतो ती घेतली जाईल. पाऊलमोजणी कर्मचाऱ्याचा निवडीचा अधिकार काढून घेते, आणि तेच तिचे काम आहे.

दोषाची किंमत किती असू शकते हे एका कल्पित हिशेबावरून कळेल. समजा, एका मंडळात बाजरीचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे व खरे सरासरी उत्पादन ८ क्विंटल आले. म्हणजे भरपाई विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के होईल. दहापैकी सात प्रयोग कोरडवाहू शेतांत होऊन तेथे सरासरी ७ क्विंटल आणि तीन प्रयोग विहिरीखालील शेतांत होऊन तेथे सुमारे १०.३ क्विंटल निघाले, तर सरासरी ८ च्या जवळ येते. हेच प्रमाण उलटले, म्हणजे सात बागायती व तीन कोरडवाहू झाले, तर सरासरी ९.३ होते व भरपाई सात टक्क्यांवर येते. एकाही प्रयोगात वजन चुकीचे लिहिलेले नाही. प्रत्येक नोंद खरी असूनही निष्कर्ष खोटा ठरतो, आणि म्हणूनच असा दोष कागदपत्रे तपासून सापडत नाही.

आयताचे माप हाही नमुन्याचाच प्रश्न आहे आणि त्यास मराठी माणसाशी जोडलेला इतिहास आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना १९४०च्या दशकात यादृच्छिक निवडीवर आधारलेल्या पीक कापणी पद्धतीची उभारणी केली. त्याच सुमारास बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस पिकांच्या मोठ्या नमुना पाहण्या करीत होते व त्यांचा कल लहान आकाराच्या कापणीकडे होता. लहान आयत वा वर्तुळ घेतल्यास उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, असे सुखात्मे यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. कारण साधे आहे. सीमेवरचे ताट आत की बाहेर असा संशय आला, की कापणारा ते आत धरतो. क्षेत्र जितके लहान तितकी त्याच्या मानाने सीमा मोठी, आणि म्हणून चूकही मोठी. पाहणाऱ्याच्या हातातली ही किंचित उदारता कोणा एकाची लबाडी नव्हती. ती सर्वांकडून एकाच दिशेने घडत होती. सुखात्मे यांचा नमुना पाहणीच्या सिद्धांतावरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पीक विम्याच्या वादात दोन्ही बाजूंनी केले जाणारे युक्तिवाद तर्कपरीक्षेच्या उताऱ्यांसारखेच असतात. 'माझे सोयाबीन पूर्ण गेले, तरी मंडळाचे उत्पादन उंबरठ्याच्या वर दाखवले. म्हणजे प्रयोग खोटे' या युक्तिवादात एका शेतावरून मंडळाचे अनुमान आहे. वेदना खरी असली तरी अनुमान निघत नाही. 'मंडळाची सरासरी चांगली आहे. म्हणजे तुमचे नुकसान झालेले नाही' हे प्रत्युत्तर त्याच चुकीचे उलटे रूप आहे, कारण सरासरी एका शेताविषयी काहीच सांगत नाही. पहिल्या बाजूने विचारायला हवे ते असे: दहा गट क्रमांक कसे निघाले आणि ठरलेले शेत सोडून दुसरे घेतले गेले असल्यास का? दुसऱ्या बाजूने मान्य करायला हवे की, पाऊस शिवारागणिक पडतो आणि मंडळ हे एक भांडे मानणे हा निसर्गाचा नव्हे, प्रशासनाचा निर्णय आहे. मंडळात एकाच स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद प्रमाण धरली जाते, तेव्हा हीच अडचण अधिक तीव्र होते. तेथे नमुना दहाचा नसून एकाचा असतो.

पीक पैसेवारीच्या पद्धतीत नजर अंदाज पैसेवारी आधी जाहीर होते आणि अंतिम पैसेवारी नंतर. पन्नास पैशांहून कमी पैसेवारी ही दीर्घकाळ दुष्काळी स्थितीची खूण मानली गेली. नजर अंदाजात जाणकाराचा अनुभव असतो, परंतु नजर कोठे फिरली याची नोंद नसते. त्यामुळे त्यावरील आक्षेपास उत्तर देणे आणि त्यावर आक्षेप सिद्ध करणे या दोन्ही गोष्टी सारख्याच कठीण होतात.

आदर्श गावांचा दाखला

पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार ही गावे पाणलोट विकासाची उदाहरणे म्हणून देशभर दाखवली जातात. अण्णा हजारे यांनी १९७५ पासून राळेगण सिद्धीत आणि पोपटराव पवार यांनी १९८९-९० पासून हिवरे बाजारात केलेल्या कामामुळे ही दोन्ही कमी पावसाची गावे बदलली, याविषयी वाद नाही. 'या गावांत पाणलोटाची कामे झाली व ती समृद्ध झाली. म्हणून पाणलोटाची कामे केल्यास कोणतेही गाव समृद्ध होईल' हा युक्तिवाद मात्र परीक्षेत आला, तर त्यात नमुनादोष आहे. ही दोन गावे यशासाठी प्रसिद्ध झाली म्हणून दाखल्यात आली. जेथे बंधारे झाले पण पाणी टिकले नाही अशी गावे कोणी सहलीने पाहायला जात नाही. खरा पुरावा मिळवायचा, तर कामे झालेल्या सर्व गावांच्या यादीतून, निकाल न पाहता, गावे निवडावी लागतील.

येथे अतिरेकही टाळला पाहिजे. दोष दाखवणे म्हणजे निष्कर्ष खोटा ठरवणे नव्हे. एक यशस्वी गाव 'हे शक्य आहे' असे सिद्ध करण्यास पुरेसे असते. 'हे सर्वत्र घडेल' असे सिद्ध करण्यास पुरेसे नसते. परीक्षक बऱ्याचदा या दोन निष्कर्षांतील अंतरावरच प्रश्न उभा करतात. निष्कर्ष 'कमी पावसाच्या गावातही पाण्याची टंचाई दूर करता येते' इतकाच असेल, तर 'दोनच गावे पाहिली' हा आक्षेप निरर्थक ठरतो.

एक नमुना प्रश्न

पुढील प्रश्न स्पष्टीकरणासाठी रचलेला आहे.

'एका तालुक्यातील दूध संकलन केंद्रांवर सकाळी आलेल्या ४०० शेतकऱ्यांना विचारले असता ३४० जणांनी जोडधंद्यामुळे घरखर्च भागतो, असे सांगितले. यावरून तालुक्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांचा घरखर्च जोडधंद्यामुळे भागतो, असे म्हणता येते.' हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करणारे विधान कोणते?
(अ) तालुक्यातील एकूण शेतकऱ्यांच्या मानाने ४०० ही संख्या फार लहान आहे.
(ब) ज्यांच्याकडे दुभते जनावर नाही किंवा ज्यांनी तोट्यामुळे दूधधंदा सोडला, असे बरेच शेतकरी तालुक्यात आहेत.
(क) दुधाचे दर हंगामानुसार बदलतात.
(ड) शेजारच्या तालुक्यात हेच प्रमाण ६० टक्के आढळले.

उत्तर (ब) आहे. (अ) हा पर्याय सर्वाधिक उमेदवारांना खेचतो, कारण 'नमुना लहान' हा आक्षेप प्रत्येक सर्वेक्षणावर घेता येतो. प्रत्येक ठिकाणी लागू पडतो म्हणूनच तो येथे विशेष काही सांगत नाही, आणि वर पाहिल्याप्रमाणे चारशे ही संख्या पुरेशी आहे. (क) मुळे उत्तरे दिवसागणिक बदलू शकतील, पण ती कोणत्या बाजूला झुकतील हे त्यातून कळत नाही. (ड) दुसऱ्या समष्टीविषयी आहे. शिवाय ६० टक्के हेदेखील बहुसंख्यच. (ब) मात्र नमुन्याबाहेर कोण राहिले ते सांगतो, आणि जे राहिले ते विचारलेल्या बाबतीतच वेगळे आहेत हेही सांगतो.

यातील दुसरा भाग विसरला जातो. नमुना समष्टीपेक्षा वेगळा असणे पुरेसे नाही. तो निष्कर्षातील बाबीसंबंधी वेगळा असला पाहिजे. त्याच ४०० शेतकऱ्यांचे रक्तगट तपासून तालुक्यातील शेतकऱ्यांमधील रक्तगटांचे प्रमाण सांगितले, तर दुभते जनावर असणे वा नसणे यामुळे निष्कर्षास विशेष बाधा येत नाही. एकच नमुना एका प्रश्नासाठी दोषपूर्ण व दुसऱ्यासाठी चालण्याजोगा असू शकतो. म्हणून उताऱ्यात पक्षपाती निवड दिसली की लगेच खूण करणे धोक्याचे असते. निष्कर्षाचे वाक्य पुन्हा वाचून, बाहेर राहिलेल्यांचे उत्तर वेगळे आले असते का, असे विचारल्यावरच पर्याय निवडावा. प्रश्न 'युक्तिवाद बळकट करणारे विधान' असा असेल, तर शोधाची दिशा तीच राहते, फक्त उत्तर उलटते. बाहेर राहिलेले लोकही याबाबत नमुन्यातील लोकांसारखेच आहेत, असे सांगणारा पर्याय तेथे योग्य ठरतो.

भारतीय तर्कशास्त्रातील विचार

न्यायदर्शनात धूर पाहून अग्नीचे अनुमान करण्यासाठी 'जेथे धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती आधी सिद्ध असावी लागते. ही व्याप्ती मर्यादित उदाहरणांवरून कशी स्वीकारावी, हा प्रश्न नैयायिकांनी बारकाईने चर्चिला. त्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण असे: मित्रेचे आतापर्यंत पाहिलेले सर्व पुत्र सावळे आहेत, म्हणून न पाहिलेला पुत्रही सावळाच असेल. पाहिलेल्या प्रत्येक उदाहरणात नियम टिकला असूनही हे अनुमान सदोष मानले गेले. सावळेपणाचे कारण तिचा पुत्र असणे हे नसून गर्भारपणी तिने शाकाहार केला हे होते, अशी त्यामागील कल्पना आहे. अशा लपलेल्या अटीस उपाधी म्हणतात. ती अट पाहिलेल्या सर्व उदाहरणांत योगायोगाने हजर असते, न पाहिलेल्यात नसू शकते. आधुनिक वैद्यकाला हे कारण मान्य नाही. युक्तिवादाचा सांगाडा मात्र अचूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रमाणे, व्याप्ती व हेत्वाभास यांचा समावेश असल्याने या परीक्षेच्या उमेदवारांना दोन्ही परंपरांची ओळख लागते.

आदर्श गावांच्या युक्तिवादातील उपाधीही याच रीतीने शोधता येते. हिवरे बाजारात बंधारे व सलग समतल चरांबरोबर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली गेली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास व ऊस-केळीसारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांस गावानेच मज्जाव केला आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. 'जेथे पाणलोटाची कामे तेथे समृद्धी' या व्याप्तीत हे निर्बंध ही उपाधी आहे.